ऑर्ग-मोडमधून कोड बाहेर काढताना: टँगलच्या डिफॉल्ट सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेख आणि कोड एकाच फाइलीत लिहायचे, वाचणाऱ्यासाठी त्याचा लेख करायचा आणि संगणकासाठी त्यातूनच कोड बाहेर काढायचा, याला लिटरेट प्रोग्रामिंग म्हणतात. हे पान त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या कामाबद्दल, म्हणजे कोड बाहेर काढण्याबद्दल (‘टँगल’) आहे. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या ऑर्ग-मोड या टिपणांच्या साधनाने कोड बाहेर काढताना आपण काहीच सांगितले नाही, तर तो काय गृहीत धरतो? नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली अडचण इथेच असते. कोड बरोबर असतो, लेखही छान असतो, आणि बाहेर एकही फाइल येत नाही.

लिपीबद्दल एक सूचना. आज्ञा, किल्ल्या आणि सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीतच टाइप करायची.

### ‘टँगल’ म्हणजे नेमके काय?

टँगल म्हणजे गुंता. डोनाल्ड क्नुथ यांनी टेक या आपल्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमसाठी ‘वेब’ नावाची व्यवस्था तयार केली आणि तिच्यात दोन प्रोग्रॅम ठेवले. ‘वीव्ह’ वाचकासाठी छापण्याजोगा लेख विणून द्यायचा आणि ‘टँगल’ कंपायलरसाठी पास्कल कोड काढून द्यायचा. ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ हे नाव त्यांनी १९८४ च्या लेखातून रूढ केले.

गुंता हा शब्द त्यांनी जाणून निवडला होता. वेबच्या टँगलमधून येणारे पास्कल माणसाने वाचायचे नव्हतेच. नावे मोठ्या अक्षरांत, अंडरस्कोर गायब, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. जे काही वाचायचे ते मूळ दस्तऐवजात. आजच्या साधनांत बाहेर येणारा कोड बराच नीटनेटका असतो, आणि त्यामुळेच त्यात हात घालण्याचा मोह होतो. त्याबद्दल पुढे सांगितलेच आहे.

### मी टँगल केले आणि ‘शून्य ब्लॉक टँगल झाले’ असा संदेश आला. कुठे चुकले?

कुठेच नाही. ऑर्गचे डिफॉल्टच ‘:टँगल नो’ असे आहे. प्रत्येक कोड ब्लॉकला, म्हणजे लेखातल्या कोडच्या तुकड्याला, काही हेडर आर्ग्युमेंट (त्याने कसे वागायचे ते सांगणारी सेटिंग) न लिहिताच मिळतात. ती ‘ऑर्ग-बेबेल-डिफॉल्ट-हेडर-आर्ग्ज’ या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली असतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सेशन नको, जुना निकाल काढून नवा ठेव, एक्सपोर्ट करताना (वाचायचा लेख तयार करताना) कोड दाखव, निकाल साठवून ठेवू नकोस, नोवेबचे संदर्भ (एका ब्लॉकमध्ये दुसऱ्याचा कोड आणणारी नावे) उलगडू नकोस, आणि कोड फाइलीत काढू नकोस.

शेवटचे कलम आपल्याला आडवे येते. ब्लॉकच्या पहिल्या ओळीवर भाषेच्या नावापुढे ‘:टँगल येस’ किंवा थेट फाइलचे नाव लिहा आणि पुन्हा ‘कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही टी’ दाबा.

एक्सपोर्ट आणि टँगल यांचा एकमेकांशी संबंध नाही, हेही इथेच लक्षात ठेवा. एखादा ब्लॉक छापील लेखात दिसतो म्हणून तो फाइलीत जाईल असे नाही, आणि लेखातून लपवला म्हणून फाइलीतून वगळला जाईल असेही नाही. ‘:इव्हॅल नो’ लिहिलेला ब्लॉकसुद्धा टँगल होतो. चालवायचा नाही आणि काढायचा नाही, या दोन वेगळ्या सूचना आहेत.

### पण सगळा कोड बाहेर काढणे हे डिफॉल्ट का नाही? तेच तर हवे असते ना?

नेहमी नाही. माझ्या मते ऑर्गचा हा निर्णय बरोबर आहे, आणि इतर साधनांशी ताडून पाहिले की तो जास्त पटतो.

आर भाषेतल्या निटर या अशाच साधनामध्ये ‘पर्ल’ हे फंक्शन उलट वागते. तिथे प्रत्येक चंक (कोडचा तुकडा) बाहेर निघतो, नको असेल त्याला ‘पर्ल = फॉल्स’ सांगावे लागते. ‘डॉक्युमेंटेशन’ या आर्ग्युमेंटचे डिफॉल्ट १ आहे, म्हणजे कोडबरोबर चंकचे शीर्षकही टिप्पणी म्हणून येते. ० दिले तर नुसता कोड, २ दिले तर सगळा लेखच टिप्पणी होऊन उतरतो. ‘इव्हॅल = फॉल्स’ असलेला चंक पर्लमध्ये टिप्पणी होऊन येतो, म्हणजे तिथे चालवणे आणि काढणे यांची सांगड घातलेली आहे. ज्युपिटर या नोटबुक साधनाच्या एनबीकन्व्हर्टने नोटबुकची स्क्रिप्ट केली तर सगळे कोड सेल येतात आणि मार्कडाउनमधला लेखही टिप्पण्या होऊन येतो.

निटर आणि ज्युपिटरमधले दस्तऐवज बहुधा एका विश्लेषणाचे असतात. वरून खाली चालवायचा एक प्रवाह. तिथे ‘सगळे काढा’ हेच सोयीचे. ऑर्गची फाइल तशी नसते. कार्स्टेन डोमिनिक यांनी २००३ साली ऑर्ग सुरू केले ते टिपणे आणि कामांच्या याद्यांसाठी. एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांचे बेबेल, म्हणजे ऑर्गमध्ये कोड चालवणारा आणि काढणारा भाग, त्यात नंतर आले. त्यामुळे एकाच फाइलीत पायथनचा मोड्यूल, त्याला तपासणारी दोन ओळींची शेल आज्ञा, फसलेला जुना प्रयत्न, एखादी एसक्यूएल क्वेरी आणि बाजाराची यादीही असू शकते. ‘सर्व्हरवरचा डेटाबेस पुसून टाकायची आज्ञा अशी असते’ असे समजावणारा ब्लॉकही असू शकतो. तो न मागता स्क्रिप्टमध्ये जाऊन बसला तर? कोड काढायचा राहून गेला तर ते लगेच कळते. नको तो कोड गेला तर कधी कळेल याचा भरवसा नाही.

एनबीडेव्ह नावाच्या साधनानेही ज्युपिटरवर बांधताना हाच मार्ग धरला. ज्या सेलवर ‘एक्सपोर्ट’ची खूण आहे तेवढाच मोड्यूलमध्ये जातो.

### ‘:टँगल येस’ म्हटल्यावर फाइल कोणत्या नावाने आणि कुठे तयार होते?

ऑर्ग फाइलच्या शेजारी, तिच्याच नावाने, भाषेच्या एक्स्टेन्शनसह. ‘हिशेब’ नावाच्या ऑर्ग फाइलीतले पायथन ब्लॉक ‘हिशेब डॉट पीवाय’मध्ये जातात. ज्या ब्लॉकचे लक्ष्य तीच फाइल आहे ते सगळे दस्तऐवजातल्या क्रमाने एकापाठोपाठ लावले जातात.

एक्स्टेन्शन एका यादीतून येते, आणि यादीत भाषा नसेल तर भाषेचे नावच एक्स्टेन्शन म्हणून लावले जाते. पायथनची नोंद त्या यादीत पायथनचे बेबेल मोड्यूल लोड झाल्यावरच होते. ते लोड नसेल तर फाइल ‘डॉट पायथन’ अशी तयार होते. काम नव्या संगणकावर नेले आणि एकदम वेगळ्याच नावाची फाइल दिसली, तर बहुधा कारण हेच.

म्हणून मी ‘येस’ जवळजवळ वापरत नाही. पूर्ण फाइलनाव लिहितो. वाचणाऱ्यालाही त्यावरून कळते की हा तुकडा शेवटी कुठे जाणार आहे.

फाइलनावात फोल्डर असेल आणि तो अजून तयार नसेल तर टँगल अडते, कारण ‘:एमकेडिरपी’चे डिफॉल्ट ‘नो’ आहे. ‘येस’ करा, मधले फोल्डर आपोआप तयार होतील. मात्र मग फोल्डरच्या नावातली टायपिंगची चूकही निमूटपणे नवा फोल्डर होऊन बसते.

### दर ब्लॉकवर तेच तेच लिहायचा कंटाळा येतो. एकदाच कुठे लिहिता येईल?

पाच ठिकाणी लिहिता येते आणि त्यांच्यात जवळच्याचा शब्द चालतो. सगळ्यात दूर तो वर सांगितलेला सर्वसाधारण व्हेरिएबल. मग त्या भाषेपुरता व्हेरिएबल. मग फाइलच्या माथ्यावरची ‘प्रॉपर्टी’ची ओळ, तिच्यात ‘हेडर-आर्ग्ज’ आणि पुढे सेटिंग. मग त्या मथळ्याखालच्या प्रॉपर्टी ड्रॉवरमधले (मथळ्यापुरती सेटिंग लिहायच्या जागेतले) ‘हेडर-आर्ग्ज’. सगळ्यात जवळ खुद्द ब्लॉकची ओळ. फाइलीत किंवा मथळ्यात ‘हेडर-आर्ग्ज’नंतर कोलन देऊन भाषेचे नाव जोडले तर ते त्या भाषेपुरतेच लागू होते.

माझी पसंती फाइलच्या माथ्यावरच्या ओळीला आहे. व्हेरिएबल बदलणे सोपे वाटते, पण तो बदल तुमच्या ईमॅक्सच्या खाजगी सेटिंगमध्ये राहतो आणि दस्तऐवजात त्याची कसलीही खूण नसते. फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की तिचा अर्थ बदलतो. लिटरेट प्रोग्रामिंगचा सगळा खटाटोप वाचणाऱ्याला काही न लपवता सांगण्यासाठी असतो. कोड कुठे जातो आणि कसा जातो, हेच त्याच्यापासून लपवून कसे चालेल?

माथ्यावरची ओळ बदलली तर तिच्यावर कर्सर ठेवून ‘कंट्रोल-सी कंट्रोल-सी’ दाबायला विसरू नका. ती ओळ फाइल उघडताना वाचली जाते. नुसती बदलून जतन केल्याने उघड्या फाइलीत जुनीच सेटिंग चालू राहते.

जुन्या लेखांत ‘प्रॉपर्टी’नंतर थेट ‘टँगल येस’ लिहिलेले आढळते. ती पद्धत आता चालत नाही. मध्ये ‘हेडर-आर्ग्ज’ हवेच.

### माथ्यावर ‘:एमकेडिरपी येस’ लिहिले आहे, तरी एका मथळ्याखाली फोल्डर सापडत नाही म्हणून टँगल अडते. असे का?

त्या मथळ्याच्या ड्रॉवरमध्ये तुम्ही ‘हेडर-आर्ग्ज’ लिहून वेगळे फाइलनाव दिले असेल. आपल्याला वाटते की दोन्ही ठिकाणच्या सेटिंग एकत्र होतील, फाइलनाव मथळ्याचे आणि बाकीचे माथ्यावरचे. तसे होत नाही. ‘हेडर-आर्ग्ज’ ही ऑर्गच्या दृष्टीने एक प्रॉपर्टी आहे आणि जवळची प्रॉपर्टी लांबच्या प्रॉपर्टीला पूर्ण झाकते. माथ्यावरची अख्खी ओळ त्या मथळ्यापुरती नाहीशी होते आणि एमकेडिरपी पुन्हा ‘नो’वर येते.

उपाय एका चिन्हाचा आहे. मथळ्यात ‘हेडर-आर्ग्ज’च्या शेवटी अधिकचे चिन्ह लावा. मग नवे जुन्याला जोडले जाते. माथ्यावर ‘हेडर-आर्ग्ज’च्या दोन ओळी लिहिल्या तरी हेच घडते. दुसरी ओळ पहिलीला पुसते, दुसरीला अधिकचे चिन्ह असेल तरच दोन्ही टिकतात. सर्वसाधारण ‘हेडर-आर्ग्ज’ आणि भाषेपुरते ‘हेडर-आर्ग्ज’ मात्र वेगवेगळ्या प्रॉपर्टी असल्याने एकमेकांना झाकत नाहीत.

ब्लॉकच्या ओळीवर लिहिलेले आर्ग्युमेंट असे काही करत नाही. तिथे जेवढे लिहाल तेवढेच बदलते. मथळ्यातही तसेच होईल असे गृहीत धरल्यानेच हा घोटाळा होतो.

### दुहेरी कोनी कंसातले संदर्भ कोडमध्ये जसेच्या तसे आले. ते उलगडले का नाहीत?

कारण ‘:नोवेब नो’. एका ब्लॉकमध्ये दुसऱ्याचे नाव दुहेरी कोनी कंसात लिहून तिथे त्याचा कोड आणणे ही लिटरेट प्रोग्रामिंगची खरी ताकद. प्रोग्रॅम संगणकाच्या क्रमाने न लिहिता समजावण्याच्या क्रमाने लिहिता येतो तो याच्यामुळे. ही लेखनपद्धत नॉर्मन रॅम्झी यांच्या नोवेब या साधनातून आली आणि नावही तिथलेच. ऑर्गमध्ये मात्र ती सांगितल्याशिवाय चालू होत नाही. हे कंस शेल, सी++, रूबी अशा भाषांत वेगळ्या अर्थांनी येतात. तुमचा कोड न विचारता बदलायचा नाही, हा सावधपणा मला मान्य आहे.

‘:नोवेब येस’ दिले की चालवताना, टँगल करताना आणि एक्सपोर्ट करताना तिन्ही वेळा संदर्भ उलगडतात. छापील लेखात संदर्भ नावाच्या रूपातच राहावा असे बहुतेकांना वाटते. त्यांनी ‘नो-एक्सपोर्ट’ हे मूल्य द्यावे. मी नेहमी हेच देतो.

मूळ नोवेबहून आलेल्यांसाठी इथे दोन फरक महत्त्वाचे. नोवेबमध्ये एकाच नावाचे अनेक तुकडे आपोआप जोडले जातात. ऑर्गमध्ये ‘नेम’ने दिलेले नाव एकाच ब्लॉकचे समजले जाते. अनेक ब्लॉक जोडायचे असतील तर प्रत्येकाला सारखाच ‘:नोवेब-रेफ’ द्यावा लागतो.

दुसरा फरक जास्त धोक्याचा. संदर्भातले नाव चुकले तर नोवेबचा ‘नोटँगल’ तक्रार करतो. ऑर्ग डिफॉल्टने गप्प राहतो आणि तिथे काहीच न लिहिता पुढे जातो. समजा पडताळणीचा अख्खा तुकडा एका काना-मात्रेच्या चुकीने गळाला. बाकीचा प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आणि पडताळणी होतच नाही. ‘ऑर्ग-बेबेल-नोवेब-एरर-ऑल-लँग्ज’ हे व्हेरिएबल ‘टी’ (म्हणजे चालू) करा म्हणजे असा संदर्भ चूक म्हणून पकडला जाईल. ऑर्गचे मला न पटणारे डिफॉल्ट हेच एक. इतकी काळजीपूर्वक निवड करणाऱ्या साधनाने इथे मौन का स्वीकारावे?

संदर्भाच्या आधी त्याच ओळीवर जो मजकूर असेल, तो उलगडलेल्या प्रत्येक ओळीच्या आधी लागतो. पायथनच्या फंक्शनमध्ये चार जागा सोडून संदर्भ लिहिला की आणलेला सगळा तुकडा चार जागा आत सरकतो. हे डिफॉल्ट नसते तर पायथनसाठी ही सोय निरुपयोगी ठरली असती.

### बाहेर आलेल्या फाइलीत माझ्या लेखाचा मागमूसही नाही. टिप्पण्या कशा आणायच्या?

‘:कमेंट्स’चे डिफॉल्ट ‘नो’ आहे. ‘लिंक’ दिले तर प्रत्येक तुकड्याच्या आधी-नंतर मूळ जागेचा दुवा टिप्पणीत येतो. ‘ऑर्ग’ दिले तर आजूबाजूचा मजकूर टिप्पणी होऊन येतो. ‘बोथ’ने दोन्ही येतात. ‘नोवेब’ने उलगडलेल्या संदर्भांभोवतीही दुवे लागतात.

हे डिफॉल्ट ‘नो’ असण्याचे एक रोखठोक कारण म्हणजे जेसनसारख्या फाइली. त्यांत टिप्पणीला जागाच नाही, एक दुवा घुसला तरी फाइल मोडते. म्हणून माथ्यावर सगळ्यांसाठी ‘लिंक’ लिहिण्यापेक्षा भाषेनुसार लिहावे.

आता मोहाबद्दल. बाहेर आलेली फाइल इतकी नीट दिसते की चूक आढळली की तिथेच दुरुस्त करावीशी वाटते. मी एकदा रात्री उशिरापर्यंत बसून एका पायथन फाइलीतली तारखांची गडबड थेट तिथेच निस्तरली. सकाळी ऑर्ग फाइलीत एक वाक्य बदलले, सवयीने टँगल केले, आणि रात्रीचे काम गेले. टँगल समोरची फाइल न विचारता बदलतो. गिटमध्येही काही सापडले नाही, कारण तयार होणाऱ्या फाइली मी गिटला वगळायला सांगितल्या होत्या. ते काम दुसऱ्यांदा करावे लागले.

‘:कमेंट्स लिंक’ असते तर ‘ऑर्ग-बेबेल-डीटँगल’ने ते बदल मूळ दस्तऐवजात परत नेता आले असते. ही आज्ञा त्या दुव्यांच्या आधारेच चालते, डिफॉल्ट सेटिंगने काढलेल्या फाइलीवर तिचा उपयोग नाही. कंपायलरने चूक दाखवली की मूळ ब्लॉकवर उडी मारायची आज्ञाही याच दुव्यांवर चालते. सीवेब या सी भाषेसाठीच्या वेबमधल्या सीटँगलने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तो सी फाइलीत ‘लाइन’चे निर्देश डिफॉल्टनेच घालतो, त्यामुळे कंपायलर चुकीची ओळ मूळ वेब फाइलीतलीच सांगतो.

### कोडमध्ये मी न लिहिलेल्या ओळी वर आल्या आहेत. त्या कुठून आल्या?

ब्लॉकला ‘:व्हार’ने मूल्ये दिली असतील. टँगल करताना ब्लॉक डिफॉल्टने उलगडला जातो आणि ती मूल्ये त्या भाषेतल्या व्हेरिएबलच्या ओळी होऊन फाइलीत उतरतात. लेखातली तक्त्याची माहिती स्क्रिप्टमध्ये न्यायची असेल तेव्हा याचा फार उपयोग होतो. पण ते मूल्य दुसऱ्या ब्लॉकच्या निकालातून येत असेल तर टँगल करताना तो ब्लॉक चालवला जाऊ शकतो. कोड काढणे म्हणजे नुसती नक्कल करणे, असे समजणाऱ्यांना याचा धक्का बसतो. चालवण्याआधी परवानगी मागणे हेही डिफॉल्टच आहे. ते कृपा करून बंद करू नका, आणि अनोळखी फाइल टँगल करण्याआधी तिची हेडर वाचा.

हे उलगडणे नको असेल तर ‘:नो-एक्सपांड’ द्या. पण लक्षात घ्या, त्याने नोवेबचे संदर्भही उलगडत नाहीत.

### रिकाम्या ओळी, समास आणि टॅब यांचे काय होते?

‘:पॅडलाइन’चे डिफॉल्ट ‘येस’ असल्याने दोन तुकड्यांमध्ये रिकामी ओळ येते. वाचायला बरे. रिकामी ओळ जिथे अर्थ बदलते तिथे ‘नो’ करा.

ब्लॉकमधल्या सगळ्या ओळींना समान असलेला डावा समास काढून टाकला जातो. लेखात कोड दोन जागा आत ठेवलेला असला तरी फाइलीत तो पहिल्या स्तंभापासून सुरू होतो. ओळीच्या सुरुवातीला तारा किंवा हॅश आणि अधिक ही चिन्हे असल्यामुळे ऑर्गने घातलेला स्वल्पविरामही टँगलमध्ये काढला जातो, त्याची काळजी नको.

मेकफाइल लिहिणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. तिला टॅबच लागतो, आणि ब्लॉक वेगळ्या खिडकीत उघडून बंद करताना समास पुन्हा आखला जातो, त्यात टॅबच्या जागी स्पेस येऊ शकतात. अशा ब्लॉकच्या ओळीवर भाषेनंतर वजा-आय हा स्विच द्या, म्हणजे समास जसाच्या तसा राहतो. ही डोकेदुखी जुनीच आहे. नोटँगलनेही मेकफाइल काढताना वजा-टी-८ द्यावे लागते.

### स्क्रिप्ट चालवायची परवानगी आपोआप मिळते का?

नाही. ‘:शेबँग’ दिले तर कोणत्या प्रोग्रॅमने चालवायचे ते सांगणारी पहिली ओळ लागते आणि फाइल चालवण्याजोगी होते. नुसती परवानगी हवी असेल तर ‘:टँगल-मोड’ आहे.

### माझ्या संगणकावर व्यवस्थित टँगल होते, सर्व्हरवर होत नाही. का?

सर्व्हरवर बहुतेक वेळा ईमॅक्स ‘बॅच’ पद्धतीने चालवला जातो आणि त्या पद्धतीत तुमची खाजगी सेटिंगची फाइल वाचलीच जात नाही. त्या सेटिंगमध्ये तुम्ही ‘:टँगल येस’ डिफॉल्ट केले होते, तर सर्व्हरसाठी ते पुन्हा ‘नो’ आहे. ‘:नोवेब’ चालू केले होते, तर तिथे बंद आहे. डिफॉल्टने ईमॅक्स लिस्पशिवाय दुसरी भाषा लोड केलेली नसते. त्यामुळे पायथनची फाइल ‘डॉट पायथन’ नावाने निघते आणि ‘:व्हार’ची मूल्येही कोडमध्ये उतरत नाहीत. ब्लॉक चालवू का, हा प्रश्न विचारायला तिथे समोर माणूसही नसतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी करा. कोड कुठे आणि कसा जायचा हे दस्तऐवजाच्या माथ्यावर, पूर्ण फाइलनावांसह लिहा. आणि लागणाऱ्या भाषा लोड करणारी दोन-चार ओळींची छोटी लिस्प फाइल प्रकल्पातच ठेवून बॅच आज्ञेत तिचे नाव द्या. मग जी फाइल तुमच्याकडे चालते तीच सगळीकडे चालेल.

सहकाऱ्याला फाइल पाठवण्याआधी हे बॅचचे टँगल एकदा स्वतःच करून पाहावे, असा माझा आग्रह असतो. तुमच्या सवयी वगळून उरलेला दस्तऐवज कसा दिसतो, हे फक्त तिथेच कळते. टेकच्या मूळ वेब फाइलीत हात न घालता आपल्या यंत्रापुरते फरक वेगळ्या ‘चेंज फाइल’मध्ये लिहायची सोय होती. मूळ काय आणि आपले काय, हे दोन्ही कागदावर दिसायचे. तीच शिस्त इथे उपयोगी पडते.

### मग माझी ईमॅक्सची सेटिंगची ऑर्ग फाइल ‘:टँगल’ न लिहिताच कशी चालते?

कारण ती ‘ऑर्ग-बेबेल-लोड-फाइल’ने लोड होत असते. ही आज्ञा टँगलला लक्ष्य फाइलचे नाव स्वतः पुरवते आणि तेवढ्यापुरते डिफॉल्टच बदलून टाकते. फक्त ईमॅक्स लिस्पचे ब्लॉक उचलते, आणि ऑर्ग फाइल जुन्या लिस्प फाइलपेक्षा नवी असेल तरच पुन्हा काढते. एखादा ब्लॉक वगळायला त्याच्यावर स्पष्ट ‘:टँगल नो’ लिहावे लागते. म्हणजे इथे नियम बरोबर उलटा. या फाइलीतून ऑर्ग शिकलेले लोक पुढे दुसऱ्या कामात ‘शून्य ब्लॉक’ पाहून गोंधळतात, त्याचे मूळ हेच.

### एक अख्खा विभाग तात्पुरता वगळायचा आहे.

मथळ्यातल्या तारांनंतर, मजकुराच्या आधी ‘कॉमेंट’ हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लावा, त्याखालचे ब्लॉक टँगल होत नाहीत. ‘नोएक्सपोर्ट’चा टॅग याला पुरत नाही, तो फक्त लेखातून वगळतो.

फक्त एकच ब्लॉक काढायचा असेल तर आज्ञेआधी ‘कंट्रोल-यू’ दाबतात. पण त्याच फाइलीत जाणारे इतर ब्लॉक असतील तर जपा, कारण फाइलीत तेवढा एकच ब्लॉक उरतो. ‘कंट्रोल-यू’ दोनदा दाबले तर त्या फाइलीचे सगळे ब्लॉक काढले जातात. बहुतेक वेळा हवे असते ते हेच.

### लेख मराठीत लिहिला तर टँगलला अडचण येते का?

येत नाही, आणि मराठीत लिहावे असे मला मनापासून वाटते. आपण विचार मराठीत करतो आणि टिप्पण्या तुटक इंग्रजीत लिहितो. त्यात ‘का’ हा प्रश्न हरवतो आणि नुसते ‘काय’ उरते. ऑर्ग फाइलीत ‘का’ सविस्तर मराठीत लिहिता येतो आणि कोड जसा हवा तसा राहतो.

ब्लॉकची नावे आणि नोवेबचे संदर्भ देवनागरीत चालतात. दुहेरी कोनी कंसात ‘व्याजाची आकारणी’ असे लिहिले तरी तो तुकडा येतो. नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखे हवे. मात्र डोळ्यांना सारखी दिसणारी देवनागरी अक्षरे वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगळ्या रीतीने साठवली जाऊ शकतात. नुक्ता असलेल्या अक्षरांत हे विशेषतः घडते. नाव एकदा टाइप करून पुढे नक्कल करणे उत्तम. चुकलेला संदर्भ ऑर्ग मुकाट गाळतो हे वर सांगितलेच आहे, म्हणून देवनागरी नावे वापरणाऱ्यांनी ते चूक दाखवणारे व्हेरिएबल चालू ठेवावेच.

‘:कमेंट्स ऑर्ग’ने मराठी मजकूर कोडमध्ये नेणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये राहील याची खात्री करा. पायथन ३ स्रोत फाइल यूटीएफ-८ मध्येच आहे असे धरतो, त्यामुळे तिथे निराळे काही करायला नको. ऑर्ग फाइलचे नाव देवनागरीत असेल तर ‘:टँगल येस’ने कोडच्या फाइलचेही नाव देवनागरीत येईल. ते नको असेल तर फाइलनाव स्पष्ट लिहा.

### या ब्लॉकला शेवटी नेमकी कोणती सेटिंग लागू झाली, ते कसे पाहायचे?

कर्सर ब्लॉकमध्ये ठेवून ‘कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही’ आणि मग मोठा आय दाबा. भाषा, नाव आणि लागू असलेली सगळी आर्ग्युमेंट दिसतात. ‘कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही व्ही’ने उलगडलेला कोड दिसतो, म्हणजे व्हेरिएबलच्या ओळी आणि नोवेबचे तुकडे आल्यावरचा. ‘कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही सी’ हेडरमधल्या चुकीच्या स्पेलिंगकडे लक्ष वेधते. ‘:टँगल’ऐवजी ‘:टँगेल’ लिहिले गेले तर ऑर्ग त्या शब्दाकडे दुर्लक्ष करतो आणि डिफॉल्ट ‘नो’ लागू राहते.